पळसखोलची पाटी

माणूस पायातली वहाण दोन कारणांनी उतरवतो. एक आदराने, दुसरे धाकाने. दोन्ही वेळी पाय तोच असतो, माती तीच असते, आणि दुरून पाहणाऱ्याला दोन्ही कृती सारख्याच दिसतात. भेद असतो तो उतरवणाऱ्याच्या मनात. एखाद्या वस्तीतून धाकाचे दिवस सरले तरी त्यांची आठवण पुष्कळ काळ रेंगाळते, आणि शेजाऱ्यांमधल्या क्षुल्लक तंट्यालाही तिची सावली लागते. ती सावली पुसायला थोरामोठ्यांचा उपदेश पुरेलच असे नाही. क्वचित एखाद्या भाबड्या चुकीनेही ते काम होते. पळसखोलमध्ये ते तसे झाले.

पळसखोल ही शहापूर तालुक्यातली वस्ती, शेणव्यापासून आत डोंगराच्या कुशीत. अलीकडे बौद्धवाडी, पलीकडे कुणब्यांची आळी आणि दोहोंच्या मधे एक सपाट माळ. माळावर दोन खळी, एकमेकांना खेटून. एक बौद्धवाडीतल्या बाळारामचे, दुसरे आळीतल्या अनंताचे. दोन खळ्यांच्या मधोमध गुडघाभर उंचीचा दगडी गडगा. गेल्या उन्हाळ्यात डांबरी रस्ता माळाच्या कडेपर्यंत येऊन टेकला होता. एसटी मात्र पूर्वीसारखीच शेणव्याहून तोंड फिरवून जात असे.

बाळारामची नात संघरत्ना शहापूरला परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिचे आईबाप भिवंडीला गोदामाच्या कामावर. ती आजी-आजोबांपाशी राहून शिके. पहाटे अंधारातच तिला शेणव्याची वाट धरावी लागे. वाटेत रान. पावसाळा सरता सरता त्या रानात बिबट्या दिसल्याची बोलवा उठली, तेव्हापासून बाळाराम हातात बॅटरी आणि काठी घेऊन तिला रोज गाडीपर्यंत पोचवू लागला. जाताना उतार, येताना चढ. त्याचा उजवा गुडघा आधीच कुरकुरत होता. कार्तिकाच्या थंडीत तो उघड बंड करून उठला.

एके पहाटे ओढ्यावरच्या मोरीपाशी येईतो गुडघ्याने पाय टाकू देणेच नाकारले. बाळाराम काठीवर भार देऊन उभा राहिला आणि चपलेत खडा गेल्याचे निमित्त करून वाकला.

"आबा, खडा नाय तो. गुडघा हाय," संघरत्ना म्हणाली.

"तू चाल गो पुढं. मी आलोच."

इतक्यात मागून मोटरसायकलचा उजेड आला. अनंताचा मुलगा सूरज कंपनीत पाळीला निघाला होता, आणि मागे अनंता बसला होता. गाडी थांबली. अनंता उतरला. बाळारामकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. तो संघरत्नाला म्हणाला, "गो रत्ना, तुज्या आज्याला सांग, मी उतरलोय. माज्या जागी बसू दे त्याला. मी येतो तुज्यासंगं चालत."

बाळाराम रानाकडे तोंड करून म्हणाला, "रत्ना, सांग त्याला, आमचे पाय शाबूत हायत."

"आबा—"

"सांग म्हणतो ना!"

"काका, आबांचे पाय शाबूत हायत," संघरत्नाने निरोप पोचवला, पण बोलताना तिला हसू आवरले नाही. सूरजही हसला. अनंता मात्र गंभीरपणे परत चढून बसला आणि गाडी गेली. तिचा तांबडा दिवा वळणावर दिसेनासा होताच बाळाराम मोरीच्या कठड्यावर मटकन बसला.

आता संघरत्ना हसत नव्हती. "आबा, आमच्या मॅडम बोलल्यात. सकाळच्या वॉर्डात आता आणखी उशीर झाला तर परीक्षेला बसू द्यायच्या नायत. आणि तुमाला असं रोज ओढत आणायचं का मी? एवढी मळणी होऊ द्या. मंग मी नाव काढून घेते."

"काय बोललीस?"

"खरं तेच बोलले."

बाळाराम उठला, आणि शेणव्यापर्यंत तो एकदाही थांबला नाही. तिची एसटी गेल्यावर मात्र घरी परतायला त्याला उन्हे चांगली वर येईपर्यंत वेळ लागला. नाव काढून घेते. चढावर पाय टाकताना ते शब्द त्याच्या गुडघ्याहून अधिक दुखत होते.

घरी ओटीवर ग्रामपंचायतीचा सभासद काळूराम चहा पीत बसला होता. बायको कमळाबाईने बाळारामच्या हातातली काठी घेतली आणि त्याच्याकडे पाहून काहीच न विचारता तेलाची वाटी चुलीपाशी ठेवली.

"बाळारामदादा, जय भीम. बातमी आणलीय," काळूराम म्हणाला. "आगारातले साहेब जीपमधून रस्ता बघून गेले. बोलले, रस्ता झ्याक हाय. सकाळी एक फेरी, सांजेला एक. पौर्णिमेनंतरच्या सोमवारी गाडी चाचणीला येणार."

"इथपर्यंत?"

"माळापर्यंत. पण," आणि काळूरामने कपातला उरलेला चहा बशीत ओतून घेतला, कारण पुढचे वाक्य त्याला अवघड वाटत होते, "गाडी आली तर वळाया पायजे. येवढं मोठं जनावर वळणार कुठं? साहेब बोलले, ती दोन खळी एक झाली तर गाडी आरामात वळंल. सोमवारी खळी मोकळी नसली तर फेरी दुसऱ्या पाड्याला देतील."

दोन खळी एक होणे म्हणजे मधला गडगा जाणे, आणि तो गडगा म्हणजे काय हे साऱ्या पळसखोलला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वीच्या पावसात तो ढासळला आणि अनंताने तो परत रचला. रचताना दगड वीतभर अलीकडे सरकले, असे बाळारामचे म्हणणे. दगड जिथल्या तिथे आहेत, असे अनंताचे. त्या वितीवरून दोघांचे बोलणे तुटले ते आजतागायत. पूर्वी हे दोघे एकमेकांच्या औताला बैल देत. आता निरोप द्यायचा तर कुणी तिऱ्हाईत गाठावा लागे, आणि माणूस न मिळाल्यास बैलसुद्धा चाले.

"आणखी एक हाय," काळूराम म्हणाला. "तुमच्या दोघांच्याबी भाताच्या उडव्या उभ्या हायत. झोडणी-मळणी व्हायची हाय. सोमवारच्या आत आटपायचं तर—"

"एकट्याच्यानं नाय होणार," कमळाबाई आतून म्हणाली.

"मी कुणाच्या दारात जाणार नाय," बाळाराम म्हणाला.

"तुमाला कोण जा बोल्लंय? मी पाण्याला जाते," असे म्हणून तिने कळशी उचलली.

विहिरीवर अनंताची बायको धोंडीबाई आधीच हजर होती. नवऱ्यांचे बोलणे तुटले तरी या दोघींचे कधी तुटले नव्हते. विहिरीच्या काठावरून एकमेकींचा रहाट ओढून देताना अबोला धरणे त्यांना परवडले नसते.

"काळूराम आमच्याकडंबी येऊन गेला," धोंडीबाई म्हणाली. "आमचे धनी बोलतात, गडगा काढाया माजी ना नाय. पण हद्द कुठली धरायची ते आधी ठरवा. आता ठरवतंय कोण? देव?"

"आमचे तर देवबी मानीत नाय. मंग त्यांचं ठरवणार कोण?" कमळाबाई म्हणाली आणि दोघी कळशा खाली ठेवून हसत सुटल्या.

हसू ओसरल्यावर धोंडीबाई हळूच म्हणाली, "कमळे, आमच्या जुन्या गोठ्याची मेढ पडलीय परसात. ऐनाच्या लाकडाची. लोखंडावाणी. खळ्यातल्या तिवड्याला चालंल."

"मंग?"

"जाडीला वीतभर हाय."

कमळाबाई तिच्याकडे पाहत राहिली. भांडणाची जागा वीतभर, आणि मेढ वीतभर. खळ्याच्या मधोमध जो खांब रोवतात आणि ज्याच्याभोवती बैल फिरवतात, तो तिवडा नेमका त्या जागेवर उभा राहिला, तर ती वीत ना याची उरे ना त्याची.

"बराबर वीतभर?"

"मोजली मी. पण वीत तुज्या नवऱ्याची धरली की माज्याची, येवढं इचारू नको," धोंडीबाई म्हणाली.

दुसऱ्या सकाळी माळावर दोन्ही घरची माणसे जमली. काळूराम साक्षीला होता. गडग्याच्या एका अंगाला बाळाराम आपल्या पवळ्या बैलाचे दावे धरून उभा, दुसऱ्या अंगाला अनंता सोन्या आणि कवड्या या जोडीसह. आधी हात कुणी लावायचा, हेच ठरेना. अनंताने सोन्याच्या पाठीवर थाप मारली.

"सोन्या, तुला काय वाटतं रे? पलीकडच्यांना मेढ पसंत हाय का?"

बाळारामने पवळ्याच्या कपाळावरची माती झाडली. "पवळ्या, सांग त्याला. मेढ कुणाच्या गोठ्याची हाय ते आमी बघत नाय. उभी सरळ रोवली म्हंजे झालं."

"सोन्या, सरळच रोवू. डोळं नायत का आमाला?"

"पवळ्या, डोळं व्हते तवाच तर गडगा सरकला!"

अनंताचा चेहरा लाल झाला. तोच पवळ्याने, आपल्याला एवढा वेळ कशासाठी उभे केले आहे हे न कळून, लांब मान काढून गडग्यावरचा गवताचा झुपका ओढला, आणि त्यासरशी वरचा दगड घरंगळत खाली आला.

"घ्या! हात बैलानं लावला," धोंडीबाई म्हणाली. "आता तरी चला."

मग कुणी कुणाला काही विचारले नाही. दगड हलू लागले. म्हातारपणी दगड उचलताना माणूस फार बोलत नाही, आणि ते त्या दिवशी बरेच झाले. दुपारपर्यंत गडगा माळाच्या कडेला जाऊन पडला, आणि जिथे तो होता तिथे नांगराच्या तासासारखी एक ओलसर रेघ तेवढी उरली. त्या रेघेवर खड्डा घेऊन ऐनाची मेढ रोवली. अनंताने एका बाजूने ओळंबा पाहिला, बाळारामने दुसऱ्या बाजूने. दोघांनाही ती सरळ दिसली.

पुढचे दिवस कष्टाचे गेले. बायांनी भुई ओली करून चोपणीने चोपली, शेणाने सारवली, आणि दोन खळ्यांचे एक विशाल खळे उन्हात वाळू लागले. पळसखोलमध्ये खळ्याचा रिवाज कडक. तिथे धान्य उतरते. म्हणून पायात वहाण घालून खळ्यात कुणी पाऊल टाकीत नाही. अनंताच्या आळीत तो रिवाज तसा पाळतात आणि बौद्धवाडीतही तसाच. देव बदलला, पूजा बदलली, पण भाताचा मान दोन्हीकडे तोच राहिला. मळणीच्या दिवसांत खळ्याच्या कडेला चपलांची रांग लागे, आणि संध्याकाळी जो तो आपापली ओळखून पायात सरकवी.

आधी बाळारामच्या उडवीचे भारे उतरले. झोडणीला चौघेजण लागले. पेंढी डोक्यावरून उलटी येऊन फळीवर आदळे आणि दाणे अंगावर उडत. कुसळांनी मान आणि कोपरांचे सांधे लाल झाले. मग पेंढ्यात उरलेल्या दाण्यासाठी पात धरली. सोन्या, कवड्या आणि पवळ्या असे तीन बैल एका दाव्यात, तोंडाला मुसकी, आणि तिवड्याभोवती संथ फेर. पवळ्या आतल्या अंगाला, कारण तो म्हातारा, आणि आतल्या बैलाला चालणे कमी. ही व्यवस्था अनंताने केली. केल्यावर तो पवळ्यालाच म्हणाला, "तुजाबी गुडघा दुखत आसंल ना रे?"

बाळारामने ते ऐकले. त्याने सुपातले पळंज, म्हणजे पोचट दाणे, वाऱ्यावर सोडले, आणि पुष्कळ वेळाने, जणू वाऱ्याला सांगावे तसे म्हणाला, "दुखतो. पण त्या दिवशी जागा देत व्हते ते कळलं त्याला."

पात फिरत राहिली.

बाळारामचे भात घरात गेले आणि अनंताचे खळ्यावर आले. त्या दिवशी बाळाराम घरी बसला असता तर त्याला कुणी नाव ठेवले नसते; पण तो पहाटेच संघरत्नाला पोचवून, गुडघ्याला फडके गुंडाळून खळ्यावर हजर झाला आणि बसल्याजागी पेंढ्या सोडून देऊ लागला. धोंडीबाईने त्याच्यापुढे भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण ठेवले. "जेवा भावजी. मीठ जास्त झालंय, पण ते गडग्यावरून नाय झालेलं," ती म्हणाली.

रविवारी संध्याकाळी शेवटची रास उचलली. खळे मोकळे झाले. तेव्हा दोघी बायांनी पुन्हा शेण कालवायला घेतलेले पाहून काळूरामने कपाळावर हात मारला.

"अगो, उद्या तिच्यावरनं गाडी जायाची हाय! सारवता कशाला?"

"पहिल्यांदा येतेय ती आमच्या दारात," कमळाबाई म्हणाली. "कोरड्या भुईवर आणायची का तिला?"

सोमवारी सकाळी उजाडताच घंघाळ बडवल्यासारखा आवाज करीत गाडी आली. तांबडी, धुळीने माखलेली, कपाळावर 'शेणवा' अशी पाटी. पळसखोलची पाटी आगारात अजून नव्हतीच. चालवायला हनुमान नावाचा धसईकडचा जाडजूड चालक, तिकिटाला रुचिता नावाची तरुण वाहक, आणि पुढच्या बाकावर मांडीवर पिशवी घेतलेले साहेब. खळ्याच्या कडेला येताच गाडी थांबली. हनुमानने खिडकीतून खाली पाहिले. ओले, हिरवट, बोटांचे ठसे उमटलेले सारवण.

"ओ मामा, आत घालू का? खळं सारवलंय तुमी. आमच्या घरीबी भातच हाय, टायर टाकवत नाय माज्यानं."

सगळ्यांनी बाळारामकडे पाहिले. माळाच्या त्या अंगाचा मालक तो. बाळाराम पुढे झाला. चपला त्याने कधीच कडेला काढल्या होत्या.

"बैल काय वहाणा घालून फिरतो व्हय? येऊ दे!" तो म्हणाला, आणि गाडीच्या पुढे लंगडत, पात हाकावी तसा जिभेने टकटक करीत, तिवड्याभोवती चालू लागला. त्याच्यामागून ते भलेमोठे जनावर संथ फिरू लागले. दुसऱ्या अंगाला अनंता बिथरलेल्या बैलांना धरून उभा होता. ऐनाच्या मेढीला पूर्ण वळसा घालून गाडीचे तोंड शेणव्याकडे झाले. मेढीला ओरखडासुद्धा उमटला नाही. बायांनी टाळ्या पिटल्या, आणि रुचिताने उगाचच घंटी दिली.

साहेब खाली उतरले. सज्जन गृहस्थ होते. त्यांनी तिवडा पाहिला, कडेला पडलेले गडग्याचे दगड पाहिले. मग काळूरामला थोडे बाजूला घेऊन म्हणाले, "जागा उत्तम आहे. पण ही खासगी. मालक दोघे, आणि त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नाही, असं शेणव्याला ऐकलं. उद्या काही बिनसलं आणि हे दगड परत जागेवर आले, तर माझी गाडी इथे येऊन वळणार कुठे? फेरी एकदा सुरू करून बंद करणं मला बरं वाटत नाही. आज गाडी येऊ दे. पुढचं मी विचार करून सांगतो."

साहेब हळू बोलले होते, पण बाळारामने ते ऐकले. त्याने अनंताकडे पाहिले. अनंता बैलांना चुचकारीत होता. बोलावे असे वाटले. पण सवयीने त्याची नजर निरोप्याला शोधू लागली. रुचिता ओरडत होती, "चला, चला, शहापूरवाले बसून घ्या!" आणि सारी वस्ती गाडीत चढत होती, कामाला जाणारे, बाजाराला जाणारे आणि नुसतेच जाऊन येणारे. बाळारामही चढला. नातीला पोचवायला आयुष्यात प्रथमच तो बसून निघाला होता.

गाडी रानातून निघाली. खिडकीबाहेरून मोरीचा कठडा सर्रकन मागे गेला, आणि बाळारामने त्याच्याकडे एखाद्या जुन्या वैऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. संघरत्ना शेजारी बसून परटाघडीचा पांढरा गणवेश सावरीत होती. सावरता सावरता तिची नजर खाली गेली.

"आबा! माजे बूट!"

बाळारामने खाली पाहिले. त्याचे स्वतःचे पायही उघडेच होते. समोरच्या बाकावरच्या म्हातारीचे उघडे. काळूरामचे उघडे. मागच्या बाकापर्यंत सगळी गाडी अनवाणी. खळ्यावर पाऊल टाकण्याआधी साऱ्यांनी सवयीने वहाणा कडेला काढल्या होत्या, खळ्यावरूनच गाडीत चढले होते, आणि पळसखोलच्या चपला पळसखोलमध्येच राहिल्या होत्या.

आधी कुणीतरी फिस्कन हसले. मग गाडीभर जे हसे उसळले त्याने हनुमानने वेग कमी करून मागे वळून पाहिले. रुचिताला तिकिटे फाडता येईनात. "अहो, देवळात चढलात की गाडीत?" ती म्हणाली.

फक्त संघरत्ना हसत नव्हती. "बूट नसले तर वॉर्डात घेणार नायत मला. आज परीक्षेचं नाव जायचं हाय."

बाळाराम उठून उभा राहिला. "बाई, थांबवा गाडी."

"थांबवली तरी चपला काय चालत येणार नाहीत, आजोबा," रुचिता मवाळपणे म्हणाली. "इथे वळायलाही जागा नाही. शेणव्याला पाच मिनिटं उभी करते, त्यापुढं माझ्या हातात नाही."

शेणव्याला गाडी थांबली. बाळाराम दांडी धरून उतरला आणि आल्या रस्त्याला परत चालू लागला. पाच मिनिटांत त्याला जाऊन येता येणार नाही हे त्याला कळत होते. कळूनही पाय निघाले होते. डांबर थंडगार होते आणि खडी बोचत होती. संघरत्ना दारातून हाका मारीत होती.

वळणावर मोटरसायकलचा भोंगा वाजला. सूरज गाडी दामटीत येत होता. त्याच्या मागे अनंता बसलेला; एका हाताने मुलाचा खांदा धरलेला, दुसऱ्या हाताने डोईवरची पाटी. शेण वाहायची बांबूची मोठी पाटी, आणि तिच्यात शिगोशीग चपला. आळीतल्या आणि बौद्धवाडीतल्या, सगळ्या एकात एक अडकलेल्या.

बाळाराम जागच्या जागी थबकला. आपला बाप पळसखोलमध्ये अनंताच्या आजोबांच्या दारावरून जाताना वहाणा काढून हातात घेई, हे त्याने लहानपणी बापाचे बोट धरून पाहिले होते. त्याविषयी तो कधी कुणाशी बोलला नव्हता. आता त्याच घरचा नातू बाळारामची चप्पल डोईवर घेऊन समोरून येत होता, आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर घाम आणि धूळ यांखेरीज दुसरे काही नव्हते.

सूरजने करकचून ब्रेक दाबला.

"बाळाराम!" अनंता ओरडला. "कुठं चाललास अनवाणी? गुडघ्याचं वाटोळं करशील! चढ वर!"

बैल तिथे नव्हते. मधे काळूराम नव्हता, रत्ना नव्हती. हाक थेट आली होती.

"तुलाच आणाया चाललो व्हतो," बाळाराम म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला नंतर कळले.

अनंताने काखेतून गुंडाळलेला पंचा काढला. त्यात संघरत्नाचे पांढरे बूट होते, वेगळे ठेवलेले, शेणाचा डाग न लागलेले. "पोरीला दे आधी. बाकीचं मंग."

सगळे एसटीपाशी पोचताच खिडक्यांतून हात बाहेर आले. अनंता पाटी खाली ठेवून एकेक चप्पल उचलून विचारू लागला, "ही कुणाची? अंगठा तुटलेली कुणाची?" आणि वरून कुणी म्हणे, "ती काळूरामची, पंचायतीच्या पैशात नवी बसत नाय त्याला!" शेवटी तळाशी दोन राहिल्या. दोन्ही निळ्या पट्ट्याच्या. एक बाळारामची, दुसरी, पाहता पाहता लक्षात आले, अनंताची. त्याच्या पायात एक आपली आणि एक बाळारामची होती.

"बदलू या," बाळाराम म्हणाला.

"आता कुठं बदलत बसतोस? बाई घंटी देतायत बघ. सांजेला येताना आण."

"आणतो."

साहेब पुढच्या खिडकीतून हे सारे पाहत होते. त्यांनी काळूरामला विचारले, "हे पाटीवाले गृहस्थ कोण?"

"तेच की साहेब. दुसऱ्या खळ्याचे मालक."

साहेब चष्मा पुसून रुचिताला म्हणाले, "संध्याकाळी गाडी आत न्या. उद्याही न्या. आणि आगारात सांगा, पळसखोलची एक पाटी रंगवून घ्यायची."

रुचिताने रस्त्याच्या कडेला रिकामी पाटी घेऊन उभ्या असलेल्या अनंताकडे पाहिले. "पाटी तर आली, साहेब," ती म्हणाली, आणि दोनदा घंटी वाजवली.

ती फेरी अजून चालू आहे. तिवडा जागेवर आहे. मळणीत त्याच्याभोवती बैल फिरतात आणि बैल सुटले की गाडी फिरते. पळसखोलची माणसे आजही खळ्याच्या कडेला चपला काढतात, पण आता त्या हातात घेऊनच गाडीत चढतात, आणि आत बसून पायात घालतात. संघरत्ना परीक्षेला बसली. निळ्या पट्ट्याच्या त्या दोन जोड्या त्या संध्याकाळी बदलायच्या राहिल्या, आणि पुढे कुणाला त्याची आठवण झाली नाही.

ज्या दोन म्हाताऱ्यांनी आपली वीत सोडली, त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो. ज्या दोघींनी ती मोजली, त्यांच्या चुली पेटत्या राहोत. धसईच्या त्या चालकाला वाट नेहमी मोकळी मिळो, घंटी देणारीचा हात न थको, पवळ्याला आतला फेर मिळो, आणि पांढरे बूट घालून पहाटे निघणाऱ्या त्या मुलीच्या हातून दुखणाऱ्या जिवांना आराम पडो.